ऑइल फिल्टर घेताना डबा नाही, सांधे बघा

नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या काउंटरवर दोन फिल्टर पुढे आले की नवखा माणूस एकच परीक्षा घेतो. एक डाव्या हातात, एक उजव्या हातात, हात जरा वरखाली, आणि मग जड डबा पुढे सरकवून "हा द्या". मीही कित्येक वर्षं असाच घ्यायचो. एकदा गाडीखालून काढलेला जुना फिल्टर निव्वळ कुतूहल म्हणून कापला. पत्रा असा दणकट की कानस मारून मनगट दुखलं. आत मात्र कागदाच्या चुण्या टोकाच्या झाकणापासून एका बाजूला सुटलेल्या होत्या, आणि त्या फटीतून व्हिजिटिंग कार्डाचा कोपरा आरामात सरकत होता. किती ऑइल न गाळताच तिथून गेलं असेल, हे कळायला आता काही मार्ग नव्हता.

तेव्हापासून मी फिल्टरमध्ये एकच गोष्ट शोधतो: चोरवाट. इंजिनातल्या ऑइलला कागदातून जायचा कंटाळा असतो असं समजा. जिथे सोपी वाट मिळेल तिथून ते जाणार. ती वाट जिथे जिथे उघडी राहू शकते ते सगळे सांधे नीट बंद असतील, तर फिल्टर चांगला. बाकी रंग, छपाई, वजन हे सगळं नंतर.

आधी आतला रस्ता

इथे मी बोलतोय ते डब्यासारख्या, फिरवून बसवायच्या फिल्टरबद्दल. आपल्याकडच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना हाच असतो. उलटा करून बघा. जाड पत्र्याची चकती, मधोमध आटे असलेलं मोठं भोक, त्याच्याभोवती गोलाकार लहान भोकं, आणि सगळ्यात बाहेर रबराची रिंग, जिला गॅरेजमध्ये कोणी गॅस्केट म्हणतं, कोणी वायसर.

पंपाकडून आलेलं ऑइल त्या लहान भोकांतून डब्यात शिरतं, कागदाच्या चुण्यांभोवती पसरतं, बाहेरून आत असं कागदातून गाळलं जातं, मधल्या जाळीदार नळीत जमतं आणि आट्यांच्या भोकातून इंजिनात परत जातं. बरेच जण याच्या बरोबर उलटं समजून बसतात. हा रस्ता डोक्यात पक्का ठेवा, कारण पुढची प्रत्येक तपासणी त्यावरच आहे. लहान भोकं म्हणजे मळकी बाजू, मोठं भोक म्हणजे स्वच्छ बाजू.

आत दोन व्हॉल्व्ह असतात. चकतीला आतून चिकटून बसलेली रबराची छत्री हा पहिला. इंजिन बंद झालं की डब्यातलं ऑइल उलटं चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात, उतरून जाऊ नये म्हणून ती लहान भोकं झाकते. ही छत्री कडक झाली किंवा नीट बसली नाही, तर सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद वरून खडखड ऐकू येते आणि ऑइलचा लाल दिवा विझायला वेळ लावतो. रिकामा डबा भरेपर्यंत वर प्रेशर पोचत नाही. फिल्टर आडवा किंवा पालथा बसत असेल तर ही छत्री फार महत्त्वाची. तोंड वर करून उभा बसत असेल तर तितकी नाही, कारण ऑइल आपोआप डब्यातच राहतं.

दुसरा बायपास. थंडीत ऑइल घट्ट असतं, किंवा कागद तुंबलेला असतो. अशा वेळी कागदाच्या दोन बाजूंच्या दाबात साधारण एक बारच्या आसपास फरक पडला की स्प्रिंगवरची चकती उघडते आणि ऑइल न गाळता पुढे जातं. मळकं चालेल, पण बेअरिंग कोरडी नकोत, असा हा हिशोब. ही एकमेव परवानगी असलेली चोरवाट. एरवी ती घट्ट बंद हवी. काही गाड्यांत हा व्हॉल्व्ह फिल्टरऐवजी इंजिनाच्याच अंगात असतो. म्हणून फिल्टरमध्ये बायपास दिसला नाही म्हणून लगेच "बोगस माल" म्हणायची घाई करू नका.

पहिली पायरी: नंबर

दर्जा नंतर, आधी फिल्टर तुमच्या गाडीचा आहे का ते बघा. काउंटरवर हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे "साहेब, बसतो की, सेम आटे आहेत." इथे सावध राहा. गाड्यांच्या फिल्टरमध्ये दोन आटे अगदी सख्ख्या भावांसारखे दिसतात. एक २० मिलिमीटरचा, दीड मिलिमीटर पिचचा, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर तेवढं; दुसरा पाऊण इंची, इंचाला १६ आट्यांचा. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. दोघांच्या व्यासात जेमतेम एका मिलिमीटरचा फरक, आणि पिचही जवळपास सारखा. त्यामुळे २० मिलिमीटरवाला फिल्टर पाऊण इंची खुंटावर चढतो, घट्ट झाल्यासारखाही वाटतो, पण आटे फक्त टोकाटोकाने धरलेले असतात. थंड इंजिन सुरू झालं की ऑइलचं प्रेशर चार-पाच बारपर्यंत जाऊ शकतं. तेवढ्याने तो सुटून आला तर मिनिटभरात सगळं ऑइल रस्त्यावर.

तेव्हा गाडीच्या पुस्तकातला किंवा फिल्टर कंपनीच्या यादीतला नंबरच घ्या. जुना फिल्टर सोबत नेला तर रिंगचा व्यास आणि आटे ताडून बघता येतात, पण बायपासची स्प्रिंग किती दाबाला उघडते हे डोळ्यांना दिसत नाही. ते फक्त नंबरात असतं.

दुसरी पायरी: खोका

यात फार वेळ घालवू नका. २०११ च्या पॅकेज्ड कमॉडिटीज नियमांप्रमाणे खोक्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि ग्राहक तक्रारीचा संपर्क छापलेला असायला हवा. क्यूआर किंवा होलोग्राम असेल तर स्कॅन करा. पण एक लक्षात ठेवा, खोका खरा आणि माल डुप्लिकेट असंही होतं. गॅरेजच्या मागे पडलेल्या खोक्यांना गिऱ्हाईक असतं. त्यामुळे खोक्यावरचा नंबर आणि डब्यावर छापलेला नंबर जुळतो का, छपाई बोटाने घासली तर निघते का, आणि आटे झाकणारं प्लॅस्टिक जागेवर आहे का, एवढं बघा. नेहमीचा दुकानदार आणि त्याने दिलेलं पक्कं बिल हे होलोग्रामपेक्षा जास्त कामाचं.

तिसरी पायरी: उलटा करून नीट बघा

खरी परीक्षा इथे, आणि तिला मोबाइलचा टॉर्च पुरतो.

रिंगपासून सुरुवात करा. ती खाचेत सगळीकडे सारखी वर आलेली असावी. एका बाजूला बसलेली आणि दुसऱ्या बाजूला फुगलेली रिंग नको. नख दाबून बघा. खूण उमटली तर ती भरून यायला हवी. डबा पालथा करून हलका झटका द्या. रिंग नुसतीच खाचेत टेकवलेली असेल तर खाली पडेल. पडली म्हणून फिल्टर निकामी होत नाही, पण खाचेत अडकून बसणारी रिंग ही मेहनतीने बनवलेल्या मालाची खूण.

मग आटे. हा भाग लोक सर्रास सोडून देतात, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे. पांढरं सुती कापड बोटाभोवती गुंडाळून आट्यांवर फिरवा आणि उजेडात धरा. कापडावर चमचमणारा कीस आला, किंवा आट्यांच्या कडेला बारीक पत्र्याचा काटा लोंबत असला, तर तो फिल्टर तिथेच परत. का, तर मगाचा रस्ता आठवा. आट्यांचं भोक स्वच्छ बाजूचं. तिथला कीस कागदातून जाणारच नाही. पहिल्या स्टार्टलाच तो थेट क्रँकच्या बेअरिंगकडे निघतो. बेअरिंगमधली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकी. गाळणीनेच कचरा टाकायचा म्हणजे कुंपणाने शेत खाल्ल्यासारखं झालं.

लहान भोकांतून आत डोकावलं की रबराची छत्री दिसते. बोथट काडीने, आइसक्रीमची लाकडी काडी उत्तम, ती हळूच दाबा. मऊपणे आत जावी आणि काडी काढताच परत भोकांवर येऊन बसावी. टोकदार काही वापरू नका. काळं रबर बहुतेक नायट्राइल असतं, नारिंगी किंवा लाल बहुतेक सिलिकॉन. सिलिकॉन जास्त उष्णता सोसतं आणि वर्षभराने मऊ राहतं, हे खरं. पण रबरात रंग कोणताही घालता येतो, त्यामुळे नुसत्या नारिंगी रंगावर जाऊ नका.

चकती आणि डबा जिथे दुमडून जोडलेत ती कड बोटाने पूर्ण फिरून बघा. घडी एकसारखी लागली पाहिजे. कुठे चपटी, कुठे उघडी लागली तर नको. डब्याला पोचा असेल तरी नको, मग किंमत कितीही कमी करून देऊ देत.

चौथी पायरी: मधल्या भोकात टॉर्च

मोठ्या भोकातून सरळ खाली प्रकाश टाका. जाळीदार नळी दिसेल. ती पत्र्याची असेल किंवा प्लॅस्टिकची, दोन्ही चालतात. भोकं मात्र पूर्ण उघडी हवीत. नळीत नुसत्या चिरा पाडून पत्रा वाकवलेला असतो, तिथे काही चिरा नीट उघडलेल्याच नसतात. तशा अर्ध्या बंद चिरा बऱ्याच दिसल्या तर साच्याची धार गेलेली आहे असं समजा.

तळाशी बहुधा बायपासची चकती दिसते. स्वच्छ पेन्सिलचं मागचं टोक हलकेच लावून बघा. ती सरळ आणि घट्ट बसलेली असली पाहिजे. तिरकी अडकलेली असली, किंवा टोक लावताच खुळखुळली, तर ती चोरवाट कायमची उघडी आहे.

आता डबा कानाशी धरून हलवा. आतला कागदाचा गाभा खुळखुळता कामा नये. डब्याच्या बुडाशी एक स्प्रिंग असते, ती गाभ्याला वर छत्रीवर दाबून धरते. छत्रीचं दुसरं काम इथे लक्षात येतं: तिचा आतला ओठ गाभ्याच्या झाकणावर दाबला जाऊन मळकी आणि स्वच्छ बाजू वेगळी ठेवतो. स्प्रिंग ढिली तर ओठ उचलला जातो आणि ऑइल कागदाकडे न वळता तिथूनच मधल्या भोकात शिरतं.

पाचवी पायरी: फुंकर

ही घरची परीक्षा, दुकानात केलीत तर लोक बघत बसतील. मधल्या भोकात घट्ट बसेल अशी स्वच्छ रबरी नळी घ्या आणि हलकेच फुंका. हवा कागदातून उलटी डब्यात जाते आणि छत्रीला भोकांवर दाबते. पुढे वाट मिळता कामा नये. आता त्याच नळीतून हवा ओढा. छत्री उघडून हवा सहज यायला हवी. कोरडं रबर थोडी हवा सोडतं, तेवढी माफ. पण दोन्हीकडून सारखीच हवा गेली तर छत्री नावालाच आहे. शेवटी नळी काढा आणि कापडाने भोक झाका. आत धूळ नको.

मायक्रॉनचा भुलभुलैया

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. खोक्यावर "२० मायक्रॉन" असं लिहिलेलं असलं तर दुकानदाराला विचारा, २० मायक्रॉनचे किती टक्के? शंभरातले ५० कण अडवणाराही २० मायक्रॉनचाच आणि ९९ अडवणाराही. कंपन्या हे आयएसओ ४५४८-१२ या चाचणीने मोजतात, आणि निकाल बीटा आकड्यात सांगतात. बीटा ७५ म्हणजे ७५ कण आले तर एकच सुटला, म्हणजे सुमारे ९८.७ टक्के. बीटा २ म्हणजे दोनातला एक सुटला. टक्के किंवा बीटा नसलेला मायक्रॉनचा आकडा म्हणजे दुधाला नुसतं "शुद्ध" म्हणण्यासारखं आहे.

बसवताना

उत्तम फिल्टर वाईट बसवला तर काय होतं, हे मी स्वतःच्या हाताने शिकलो. जुना फिल्टर काढला, त्याची रिंग इंजिनालाच चिकटून राहिली, माझं लक्ष नाही, आणि तिच्यावर नवा फिल्टर चढवला. रिंगवर रिंग. सुरू केल्यावर पाच सेकंद काही नाही, आणि मग पार्किंगमध्ये काळं तळं. शेजाऱ्यांनी लाकडाचा भुसा आणून दिला, वर सल्लाही दिला. तेव्हा जुना काढला की आधी त्याच्यावर रिंग आहे ना ते बघा, नसेल तर इंजिनावर शोधा.

बसायची जागा कापडाने पुसा, नव्या रिंगला नव्या ऑइलचं बोट फिरवा, हाताने फिरवत रिंग टेकेपर्यंत न्या, आणि तिथून साधारण पाऊण फेरा, किंवा डब्यावर छापलं असेल तितका. बसवायला पाना नको. पाना फक्त काढायला. मग इंजिन सुरू करून खाली वाकून बघा, बंद करून पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक.

तुमच्या गाडीत डब्याऐवजी नुसता कागदी गाभा असेल, जुन्या स्विफ्ट डिझेलमध्ये होता तसा, तर डबा आणि बायपास गाडीचेच असतात. तिथे गाभ्याच्या दोन्ही टोकांच्या रिंगा घट्ट बसतात का, चुण्या सरळ आहेत का, आणि टोपणाची नवी ओ-रिंग खोक्यात आली आहे का, एवढंच बघायचं. जुनीच ओ-रिंग पुन्हा घालायचा मोह टाळा. टोपण प्लॅस्टिकचं असेल तर ते किती घट्ट करायचं याचा न्यूटन-मीटरमध्ये आकडा त्यावर छापलेला असतो, त्याच्यापुढे जाऊ नका.

दुसऱ्या दिवशी: जुना फिल्टर कापा

नवा फिल्टर बाहेरून पारखता येतो, पण खरं उत्तर जुनाच देतो. तोंड खाली करून रात्रभर एखाद्या रिकाम्या भांड्यावर टेकवून ठेवा. सकाळी हातमोजे घाला. वापरलेलं ऑइल कातडीला चांगलं नाही. हॅक्सॉने कापायचा मोह होईल, पण मग करवतीचाच कीस आत पडतो आणि इंजिनाचा कीस कुठला ते कळत नाही. चकतीची दुमडलेली कड कानशीने किंवा ग्राइंडरवर घासून पातळ करा आणि शेवटचा थर पकडीने सोला, म्हणजे चकती टोपणासारखी निघते. पाइप कटरच्या तत्त्वावर चालणारा खास फिल्टर कटरही मिळतो. वर्षाला एकदाच कापणार असाल तर त्यावर पैसे घालू नका.

छत्री आधी हातात घ्या आणि दुमडा. मऊ असेल तर छान. पापडासारखी कडक झाली असेल तर सकाळच्या खडखडीचं कारण सापडलं.

मग गाभा. झाकणं पत्र्याची आहेत की पुठ्ठ्याची, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. मला त्यात फारसं तथ्य वाटत नाही. पुठ्ठ्याची झाकणं नीट चिकटवलेली असली की निभतात. बघायचं ते हे, की गोंद सगळ्या चुण्यांच्या टोकांपर्यंत पोचलाय का. अंगठ्याने झाकण कडेने उचलून बघा. चुण्यांची पट्टी जिथे गोल फिरून स्वतःलाच जोडली जाते ती शिवण बघा, पत्र्याच्या क्लिपने धरलेली असेल किंवा गोंदाने. माझ्या त्या जड फिल्टरची फट या शिवणीच्या शेजारीच होती.

चुण्या मोजायच्या तर नुसती संख्या सांगून उपयोग नाही. कागद सुरीने कापून पट्टी जमिनीवर उलगडा आणि मोजपट्टी लावा. समजा ५० चुण्या, प्रत्येक १.२ सेंटीमीटर खोल, तर पट्टीची लांबी १२० सेंटीमीटर. उंची ६ असेल तर एकूण ७२० चौरस सेंटीमीटर. दुसऱ्यात ५५ चुण्या असतील पण ०.८ खोल आणि ५ उंच, तर लांबी ८८ आणि क्षेत्रफळ फक्त ४४०. चुण्या जास्त, कागद कमी. कागद जितका जास्त तितका तो उशिरा तुंबतो आणि बायपास उघडायची वेळ कमी येते. चुण्या एकमेकींना चिकटून गठ्ठे झाले असतील, किंवा गाभा आत दबून कंबर बारीक झाली असेल, तर एकतर कागद हलका होता किंवा तुम्ही ऑइल बदलायला फार उशीर केला. स्वतःशी प्रामाणिक राहून ठरवा.

पट्टी उलगडलेली आहेच, तर पांढऱ्या कागदावर थोडी पिळून लोहचुंबक फिरवा. चिकटलं ते लोखंड. न चिकटणारी रुपेरी किंवा तांबूस पापुद्र्यांची चमक दिसली तर फिल्टर बाजूला ठेवा आणि मेकॅनिककडे जा, ती बेअरिंगची असू शकते. नव्या गाडीच्या पहिल्या सर्व्हिसला थोडी बारीक चमक निघते, तिने घाबरू नका.

हे सगळं झालं की डब्यावर मार्करने किलोमीटर आणि तारीख लिहून तो मी फडताळात पुढच्या वर्षापर्यंत ठेवतो, शेजारी पुढचा ठेवून बघायला. रात्री निथळलेलं ऑइल, चांगलं कपभर असतं, ते चेंबरमधल्या ऑइलबरोबर जुन्याच कॅनमध्ये. तो कॅन गटारात नाही आणि भंगारवाल्याकडेही नाही; २०१६ च्या नियमांत वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. मोठी सर्व्हिस सेंटर्स ते अधिकृत रिफायनरवाल्याला देतात. आधी विचारून गेलात तर बहुतेक ठिकाणी तुमचा कॅनही त्यांच्या पिंपात ओतून घेतात.